आत्यांच्या फोनचा आवाज

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना मान्य होतं. फक्त त्यांना स्वतःला नव्हतं. "मला चांगलं ऐकू येतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत्यात," असं त्यांचं म्हणणं. कानाचं मशीन आणून झालं. ते मधूनच शिट्टी मारायचं, म्हणून दोन दिवसांत डब्यात गेलं. इअरफोन लावून पाहिले, तर वायर पदरात अडकायची. शिवाय "दोनी कान बुजवून बसल्यावर मागनं कोण आलं ते कसं कळायचं?" असं त्या वर विचारायच्या. राहता राहिला स्पीकर. त्याचं नाव काढलं की त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मी त्यांना भर रस्त्यात न्हायला बसवतेय.

कारण फोन म्हणजे त्यांच्यासाठी लेक. माझी नणंद पवन मावळात दिलेली आहे. तिचा रोज दुपारी फोन यायचा आणि आत्या तो घेऊन थेट गोठ्यामागे जायच्या. फोन कानात खुपसलेला, डोक्यावर पदर, तोंडावर हात. इकडून बोलणं एवढंच: "हं. बरं. मग? असू दे." एकत्र कुटुंबात उभं आयुष्य काढलेली बाई. सासरी गेलेल्या लेकीचं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आपल्या बाजूनं असं बोलायचं की शेजारी बसलेल्यालाही कळू नये, पलीकडे बारसं चाललंय की भांडण. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण परत यायच्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. "निम्मं कळलंच न्हाई आज," म्हणायच्या, आणि उगाच गाईवर डाफरायच्या.

आता माझी हौस. मी लोणावळ्यातच वाढले, खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते, आणि लग्न होऊन वलवणला आले. मुली कॉलेजात असताना मेंदीचे क्लास लावायच्या, तेव्हा मी फोन रूट करत बसायचे. रूट करायचं म्हणजे कंपनीनं फोनला घातलेली कुलपं काढून सगळा कारभार आपल्या हाती घ्यायचा. त्यात दोन-तीन फोन कायमचे गेले, त्यातला एक बाबांचा. तरी खोड गेली नाही. नवीन फोन हातात आला की मला आधी त्याची कुलपंच दिसतात.

आत्यांकडे माझ्या नवऱ्याचा जुना फोन होता. त्याचा आवाज पूर्ण वाढवला तरी त्यांना पुरायचा नाही. माझ्या डोक्यात आलं की ही आवाजाची वरची मर्यादा काही फोनच्या स्पीकरनं घातलेली नाही. फोनच्या पोटात कर्नल नावाचा एक भाग असतो, तो घालतो. आमच्याकडे धरण उशाशी आहे, पण नळाला किती पाणी यायचं ते पाणी सोडणारा ठरवतो. घरात तोटी कितीही पिळा. कर्नल म्हणजे हा पाणी सोडणारा. कानाशी धरतो त्या बारक्या स्पीकरला किती आवाज सोडायचा ते तो बघतो. या फोनसाठी कुणीतरी हौशी माणसानं बदललेला कर्नल करून नेटवर ठेवला होता, आणि त्यात ही मर्यादा उठवायची सोय होती. मला वाचूनच हुरूप आला.

हॉटेलवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी नसते. माझी सुट्टी मंगळवारी. त्या मंगळवारी सकाळी मी फोन घेऊन बसले. कुलूप काढलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फोटो आणि नंबर काढून ठेवले. मग रूट केलं, नवा कर्नल चढवला, आणि फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसला. पुढे जाईना, मागे येईना. आत्या दारातून विचारत होत्या, "झालं का?" आणि मी "चार्जिंग कमी आहे" म्हणून थापा मारत होते. घामाघूम झाले. कर्नलची चुकीची फाईल घेतली होती. योग्य ती शोधून पुन्हा चढवली, तेव्हा कुठे फोन उठला. उठताना मात्र त्यानं पडद्यावर इशारा दिला की या फोनची कुलपं काढलेली आहेत, याच्यावर विश्वास ठेवू नका. इशारा इंग्रजीत होता. आत्यांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "नमस्कार म्हणतोय."

दुपारी नणंदेचा फोन आला. आत्या नेहमीप्रमाणे गोठ्यामागे गेल्या, पण परत आल्या त्या हसतच. "अगं, कानात येऊन बोलल्यावानी ऐकू येतंय! माझ्या पोरीला पडसं झालंय ते सुदिक कळलं." त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. पुढे आठवडाभर आल्यागेल्याला सांगत होत्या की सुनेनं डॉक्टरला जमलं नाही ते केलं. इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं. मी वरवर "त्यात काय एवढं" म्हणत होते आणि आतून फुगत होते.

पाऊस वाढला तसं गोठ्यामागे जाणं बंद झालं. आत्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून फोन घ्यायला लागल्या. मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते, आणि माझ्या कानावर नणंदेचा आवाज आला. अगदी स्वच्छ. तिच्या जावेनं दूध कसं नासवलं ते ती सांगत होती. मी वळून पाहिलं. फोन आत्यांच्या कानाला घट्ट चिकटलेला, वर पदर, आणि आत्या हळूच म्हणत होत्या, "हं. बरं."

माझ्या लगेच लक्षात आलं. कानापाशी आवाज एवढा वाढवला की तो कानात मावत नव्हता, बाहेर सांडत होता. आत्यांना ते कळणं शक्यच नव्हतं. त्यांना जेमतेम ऐकू येईल एवढाच तर तो होता. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप आवाज थोडा उतरवून पाहिला, तर त्या "आज परत निम्मंच" म्हणाल्या. मी पुन्हा वाढवला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "आत्या, बाहेर ऐकू येतं, बेतानं फोन घेत जा," एवढंच तर वाक्य. पण सांगितलं असतं तर त्यांनी फोन टाकून दिला असता, आणि माझ्या कौतुकाचंही मातेरं झालं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी दिवस ढकलले. आणि खरं सांगायचं तर मला ऐकायची चटक लागली. फोन वाजला की मी आपसूक भांडी घासायची थांबायचे. पाण्याचा आवाज मध्ये नको म्हणून.

असंच एकदा माझ्याबद्दल ऐकलं. नणंद म्हणत होती, "वैनीला काय सांगू नगंस हां आई. तिच्या पोटात काय र्‍हात न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोटात राहत नाही? मी त्या दिवशी डाळीत मीठ दोनदा घातलं. आणि मग हट्टानंच, जे ऐकत होते त्यातलं अक्षरही मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. याचा मला गर्व होता. चोरून ऐकायचं आणि वर इमानाचा टेंभा मिरवायचा.

वैनीला सांगायचं नव्हतं ते हे होतं. नणंदेला लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. सासरी बोलणी ती एकटी खात होती. आता ती नवऱ्याला घेऊन पुण्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागली होती. कुणालाही न सांगता. घरी सांगायचं की जुनं दुखणं दाखवायचंय. जावई तपासून घ्यायला तयार झाले होते ते एका अटीवर, की गावात कुणाला कळता कामा नये. ती फक्त आईला सांगत होती. आणि मी ओट्याशी उभी असायचे.

पावसाळा सरता सरता एका मंगळवारी मी आत्यांना घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेले. त्यांच्या गुडघ्याचं औषध घ्यायचं होतं. येताना आम्ही कामशेतकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो; ती आम्हाला वलवणला सोडते. जीप भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे ड्रायव्हर टपरीवर आणि आम्ही आत बसून. समोरच्या बाकावर नणंदेची चुलत सासू. तुंगार्लीला कुणाकडे येऊन परत निघाली होती. "काय विहीणबाई, बऱ्या हायसा का?" वगैरे झालं. तेवढ्यात आत्यांचा फोन वाजला.

एरवी त्यांनी विहीणबाईंसमोर तो घेतला नसता. पण त्या दिवशी नणंद पुण्याला गेली होती आणि रिपोर्ट येणार होता. सकाळपासून आत्यांचा जीव टांगणीला लागलेला. त्यांनी पदर ओढला, खिडकीकडे तोंड केलं, फोन कानात खुपसला आणि म्हणाल्या, "बोल."

"आई, रिपोर्ट आला," नणंद म्हणाली. बंद जीपमध्ये ते खणखणीत ऐकू आलं. "माझ्यात काय न्हाई गं. ह्यांच्यात हाय."

"हं," आत्या म्हणाल्या.

"डॉक्टरीण म्हणली औषधं घेऊन बघू. ह्ये लय रडलं गं आई. म्हणत्यात, गावात कुणाला कळलं तर मी तोंड दाखवणार न्हाई."

"बरं. असू दे."

आवाजाचं बटण फोनच्या कडेला होतं, माझ्याच बाजूला. हात पुढे करून ते दाबायचं, बस. नाहीतर सरळ फोनच काढून घ्यायचा. पण आत्यांनी विचारलं असतं, "काय करतीस?" मग मला सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं की ऐकू जातंय. आणि मग त्यांनी विचारलं असतं की हे तुला कधीपासून ठाऊक आहे. मी माझं तोंड वाचवलं. आणि लाज वाटते, पण लिहिते: त्या क्षणी माझ्या मनात एक कुसकट आवाजही होता. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणे. मी पिशवीचे बंद धरून बसून राहिले.

समोर विहीणबाई खाली मान घालून बोटातली अंगठी फिरवत होत्या. आत्यांनी फोन ठेवला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "काय म्हणती आमची सून?"

"काय न्हाई, खुशाली," आत्या म्हणाल्या, इतक्या निर्मळ चेहऱ्यानं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

व्हायचं ते झालं. दूध घालायला गेलेल्या जावयांना डेअरीवर कुणीतरी हसत हसत विचारलं, "पाव्हणं, औषध लागू पडतंय का?" ते किटली तिथंच ठेवून घरी आले. बायकोला म्हणाले, तू आईला सांगितलंस आणि आईनं गावाला सांगितलं. आता मी पुण्याला येणार नाही. हे मला कळलं कसं, तर पुन्हा तसंच. नणंदेचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आई, तुला येकटीला सांगितलं व्हतं." आणि फोन बंद झाला. आत्या बंद फोनला सांगत राहिल्या, "अगं, मी कुणाला न्हाई बोलले. तुझी आन."

मग दुपारचा फोन यायचा थांबला. आत्यांनी लावला तर नणंद उचलायची नाही. पहिले काही दिवस त्या फोन मांडीवर घेऊन बसायच्या. मग एकदा माझ्याकडे घेऊन आल्या. "बघ गं जरा. तू मागं त्याला काय केलंवतंस, त्यानं बिघडला नसंल ना? वाजतच न्हाई."

मी बटणं दाबल्यासारखं केलं. "फोन ठीक आहे, आत्या," म्हणाले. ते खरंच होतं. इतकं हलकट खरं मी आयुष्यात बोलले नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघायच्या आणि मला वाटायचं, कळलं. पण त्यांना माझा संशय यायचं काही कारणच नव्हतं. संशय त्यांना दुसऱ्याच कुणाचा आला होता. एका सकाळी मी कामावर निघत होते, तेव्हा त्या उंबऱ्याशी आल्या आणि हळूच विचारलं, "माझ्याच तोंडून कुटं निसटलं का गं? मी झोपंत बोलते का? म्हातारपणाचा काय भरवसा. तू हितंच असतीस, तू कदी ऐकलंस का?"

मी चप्पल काढली आणि परत आत आले. म्हटलं, "तुमच्या तोंडून काही निसटलेलं नाही, आत्या. फोनमधून ऐकू जातं."

त्यांना पटेना. कसं पटणार? त्यांच्या कानाला तो आवाज फोन कानाला लावल्याशिवाय येतच नव्हता. माझ्याकडे पुरावा एकच होता. मी त्यांना जावेनं नासवलेल्या दुधाचं सांगितलं. डॉक्टरीणबाई दर वेळी उशीर करतात ते सांगितलं. नणंद एका दुपारी सासूच्या बोलण्यावरून रडली होती ते सांगितलं. आणि शेवटी, "वैनीच्या पोटात काही राहत नाही," हेही सांगितलं. प्रत्येक गोष्टीनिशी त्यांचा फोनवरचा विश्वास उडत होता आणि माझ्यावरचाही. मी बोलायची थांबले तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या.

"म्हंजी मी गप बसून बी उपेग नव्हता," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "जीपमदी बी तुला ऐकू येत व्हतं."

"हो."

"आन् तू बसून व्हतीस."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण नाही. "तू केलंस, तूच जाऊन सांग," एवढं म्हणून त्या गोठ्याकडे गेल्या.

मी हॉटेलात रजा कळवून तशीच नणंदेच्या गावी गेले. ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिनं पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: फोनचं, आवाजाचं, जीपचं, बटणाचं. ऐकता ऐकता तिनं सूप खाली ठेवलं. "म्हंजी आईनं न्हाई सांगितलं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी शिव्यांची तयारी करून गेले होते. तिला आधी आई परत मिळाली होती, माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

डोळे पुसल्यावर मात्र तिनं पाहिलं. "वैनी, जीपचं जाऊ द्या. घरात इतके महिने ऐकत व्हता ते?"

मी म्हटलं, "कानावर येत होतं, ताई. मी तिथंच असायचे."

"मी माझ्या आईशी बोलत व्हते. तुमाला सांगायचं असतं तर तुमाला फोन केला असता."

जुना कर्नल परत घालून आवाज पहिल्यासारखा करून देते, असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, "ते आईला इचारा. ऐकायचं तिला हाय."

आत्यांना विचारलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला नाही. "र्‍हाऊ दे. लेकीचं बोलणं पयल्यांदाच अख्खं कळाया लागलंय. म्या कशाला बहिरं व्हायचं? लोकांनी लांब जावं." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मी म्हणणार होते, पण त्या हसल्या नसत्या. जावई पुढच्या तारखेला पुण्याला गेले का, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारायचा हक्क मी घालवला होता.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. आत्या दारापुढच्या ओट्यावर पावटे सोलत होत्या. फोन वाजला. त्यांनी हात पदराला पुसले आणि घाईघाईनं तो कानाला लावला.

"आई," नणंदेचा आवाज आला. इतक्या दिवसांनी तो ऐकून मलाच भरून आलं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "वैनी जवळ हाय का गं?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. त्या नुसत्या वाट बघत होत्या. मी कपडे दोरीवर तसेच टाकले आणि फाटक उघडून बाहेर चालायला लागले. किती लांब गेलं की ऐकू येत नाही, हे त्या घरात माझ्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथवर जाऊन मी पाठ करून उभी राहिले.